विरत जाणारा सूर

पियानोची पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर त्या सुराचं वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. गायकाला लांबवलेला सूर मधेच फुलवता येतो, व्हायोलिनवादकाला गजाचा दाब वाढवता येतो. पियानोचा सूर मात्र उमटल्या क्षणापासून विरू लागतो. त्याच्या विरण्याकडे कान लावून पुढचा सूर किती जोराने ठेवायचा, हे ठरवण्यात या वाद्याची निम्मी कला आहे.

ऑनलाइन शिकवणीत सगळ्यांत आधी हरवतं ते हेच. झूमसारखी साधनं माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलण्यामागे सलग चालू असलेला आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं धरून ती तो गाळतात, आणि पियानोचा लांबत जाणारा सूरही त्या चाळणीत अडकतो. शिवाय हळू आवाज वर उचलून आणि मोठा दाबून सगळं एका पातळीवर आणण्याचा त्यांचा खटाटोप चालू असतो. पियानोआधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यावर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला तो बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा व्हावा म्हणून. ज्या गुणासाठी वाद्य जन्माला आलं, तोच वाटेत झिजतो. सेटिंगमध्ये ‘मूळ आवाज’ चालू केला, बरा मायक्रोफोन लावला की पुष्कळ फरक पडतो. तरी खोलीत घुमणारा सूर बराचसा खोलीतच राहतो.

मग व्हिएन्नात राहणारी, मैफली करणारी पियानोवादक पुण्यातल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला काय देऊ शकते? गेली काही वर्षं मी अशा बाईंकडे शिकते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. बाईंना जे ऐकू येत नाही, ते ऐकण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडते, आणि माझं खरं शिक्षण तिथेच होतं.

शोपॅंचं ई मायनरमधलं प्रील्यूड घ्या, ओपस २८ मधलं चौथं. जेमतेम एका पानाचं. सुरुवातीला उजव्या हाताला जवळजवळ दोनच सूर आहेत: बी तीन मात्रा धरायचा, चौथ्या मात्रेला सी, पुन्हा बी. डाव्या हातात तेच कॉर्ड एकामागून एक, आणि त्यातला एखादा सूर अर्ध्या स्वराने अलगद खाली सरकत जातो. बोटांना अवघड असं यात काही नाही, म्हणून पुष्कळ जण ते लवकर वाजवायला घेतात. पण तिसऱ्या मात्रेपर्यंत बी बराच विरलेला असतो. तो जिथवर उतरला आहे तिथूनच सी उचलायला हवा. सीला ताजा जोर लागला की ओळ तुटली. आता व्हिएन्नात पोहोचेपर्यंत तो बी डाव्या हाताच्या कॉर्ड्सखाली बुडालेला असतो. त्यामुळे बाई वादन थांबवतात आणि विचारतात, “तिसऱ्या मात्रेला बी किती उरला होता?” मला सांगता आलं नाही, तर मी तो ऐकलाच नव्हता, हे दोघींनाही कळतं. मग डावा हात मांडीवर. उजव्या हाताने एकटा बी, तो विरेपर्यंत थांबायचं, सी, पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी तेवढ्या दोन सुरांत शिकवणीची वेळ संपते. शेजारी बसल्या असत्या, तर त्यांनी तो सी वाजवून दाखवला असता आणि मी त्याची नक्कल करून मोकळी झाले असते.

असं शिकवायला मैफलीचा कलावंतच का लागतो? पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ १९८६ मध्ये मॉस्कोच्या मैफलीला आपला स्वतःचा पियानो घेऊन गेला; ती चैन फार थोड्यांना परवडली. सतारवादक आपली सतार घेऊन गावोगाव फिरतो, पियानोवादकाला मात्र गावोगावी परक्या वाद्यापुढे बसावं लागतं. कुठे पट्ट्या जड, कुठे खर्ज गढूळ, कुठे सभागृहच आवाज गिळणारं. थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात हाताने आणि कानाने त्या वाद्याशी जमवून घ्यायचं. आपण लावलेला जोर आणि कानावर परत येणारा सूर यांतलं अंतर मोजत राहण्यात अशा कलावंतांची उमेदीची वर्षं गेलेली असतात. अपुऱ्या आवाजावरून पुरा सूर ओळखणं ही त्यांची रोजची तालीम. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या माझ्या पियानोबद्दल बाईंना जास्त समजावून सांगावं लागत नाही.

दुरून शिकवणं या विद्येला तसं नवं नाही. बेथोव्हनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी याने एका काल्पनिक विद्यार्थिनीला लिहिलेल्या पत्रांतून पियानोचे पाठ दिले होते. पण पत्रातून हात दिसत नाही, आणि कॅमेऱ्यातूनही पुरता दिसत नाही. शोपॅं नवीन विद्यार्थ्याला बी मेजरची सरगम आधी देत असे, कारण त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक पडतात आणि हाताला नैसर्गिक बैठक येते. बोटं कुठे पडली हे बाईंना व्हिएन्नात दिसतं. अंगठ्याच्या मुळाशी आलेला ताण दिसत नाही, खांद्यातला अवघडलेपणा दिसत नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाला कोपराला हात लावताच कळतो. शिवाय पॅरिसमध्ये शोपॅंच्या विद्यार्थ्यापुढे ग्रँड पियानो असे आणि तो स्वतः शेजारच्या छोट्या पियानोवरून साथ देई. आम्हाला ते शक्य नाही. आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघींनी एकत्र वाजवणं तालात बसतच नाही.

म्हणून मुलांच्या बाबतीत मी ठाम आहे. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना समोर बसवून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं. वांद्र्याच्या घराघरांतून पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या शिक्षिकांनी किती तरी हातांना वळण लावलं. त्या कामाला पडद्याचा पर्याय नाही. हाताला वाईट खोड लागली तर ती मोडायला वर्षं जातात, आणि तोवर मनगट दुखू लागलेलं असतं.

तेव्हा मुलाला पियानोला बसवायचं असेल, तर आधी आपल्या गावात शिक्षक शोधा. नाव मोठं नसलं तरी चालेल, मुलाच्या शेजारी बसणारा हवा. हात बसला, कान तयार होऊ लागला की मग दूरच्या कलावंताकडे खुशाल जा. आणि मुंबईत एनसीपीएमध्ये किंवा कुठेही पियानोची मैफल असेल, तर वेळ काढून मुलाला तिथे न्या. तारेवरून थेट आलेला सूर कसा विरतो, हे त्याला लॅपटॉपच्या स्पीकरमधून कळणार नाही.