वारा अंगावर घेणारे

जानेवारी २०२६ मध्ये पुण्याला सायकलींची एक मोठी शर्यत झाली. १९ तारखेला सुरू झाली, २३ तारखेला संपली. एक छोटीशी सलामी आणि पुढे चार टप्पे, सगळे मिळून ४३७ किलोमीटर. देशोदेशींचे धंदेवाईक सायकलपटू पुणे जिल्ह्यातल्या घाटांतून गेले. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातला ‘घाटांचा राजा’ आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे; पण ती एका दिवसात उरकणारी शर्यत. ही पाच दिवसांची. या शर्यतीची चित्रे मोबाइलवर पाहता पाहता शेजारच्या एका शाळकरी मुलाने मला विचारले, “आजोबा, हा एवढा वेळ सगळ्यांच्या पुढे होता, मग पहिला दुसराच कसा आला?”

प्रश्न मोठा होता. त्या मुलाला मी जे उत्तर दिले ते सायकलपुरते होते. उरलेले उत्तर इथे लिहीत आहे.

सायकलपुरते उत्तर असे, की ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाची बहुतेक शक्ती रस्त्यावर खर्च होत नाही, ती वाऱ्यावर होते. त्याच्या पाठीला चिकटून जो मागे राहतो, त्याचे सुमारे चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतचे कष्ट वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी आळीपाळीने वारा अंगावर घेतात. मागून येणाऱ्या मोटारीपर्यंत थांबत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्या पाठीवर कोंबायच्या आणि पुन्हा घोळका गाठून वाटायच्या, हेही त्यांचेच काम. आपल्याकडे लग्नकार्यात पाणक्या असतो, तसाच हा. काम झाले म्हणून त्याला रस्त्याच्या कडेला बसता येत नाही, ही त्यातली खरी मेख. ठरलेल्या वेळेच्या आत त्यालाही मुक्कामाला पोचावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याला शर्यतीत जागा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कालचा शीण अंगात तसाच असताना, पुन्हा तेच काम.

फ्रेंच लोक या माणसाला ज्या नावाने ओळखतात, त्याचा साधा अर्थ ‘घरगडी’. गंमत अशी, की तो शब्द या क्षेत्रात शिवी म्हणून आला. फ्रान्सची सुप्रसिद्ध फेरी १९०३ साली सुरू झाली. ती काढणारे आंरी देग्रांज हे मोठे कडवे गृहस्थ. त्यांच्या मते शर्यत म्हणजे एकट्या माणसाची कसोटी. दुसऱ्याची मदत घेणे हे पाप आणि देणे हे त्याहून मोठे पाप. १९११ साली मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराने आपली जिंकण्याची आशा सुटल्यावर दुसऱ्या एका स्वाराला मदत केली, तेव्हा देग्रांजने त्याला ‘घरगडी’ म्हणून हिणवले. ब्रोको इरेला पेटला आणि लगोलग एक टप्पा जिंकून दाखविला. त्यामुळे उलट त्याचाच गुन्हा शाबीत झाला, कारण इतकी ताकद अंगात असलेला माणूस आदल्या दिवशी मागे राहिला तो दुसऱ्यासाठीच! त्याला शर्यतीतून काढून टाकण्यात आले.

पुढे १९३० साली त्याच शर्यतीत राष्ट्रांचे संघ आले आणि नीती बदलली. १९३४ साली फ्रान्सच्या संघात रने व्हिएत्तो हा वीस वर्षांचा पोर होता. डोंगरात त्याला तोड नव्हती. संघाचा म्होरक्या होता आंतोनँ मान्य. पिरेनीज पर्वताच्या एका उतारावर मान्यचे चाक मोडले. व्हिएत्तोने स्वतःच्या सायकलचे पुढचे चाक काढून त्याला दिले आणि दुसरे चाक येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर रडत बसला. त्याचे ते छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएत्तो पुढे निघून गेला होता; तो उलटा फिरला, चढ चढून मागे आला आणि या वेळी त्याने अख्खी सायकलच दिली. मान्य शर्यत जिंकला. डोंगरी स्वारांत पहिला ठरलेला व्हिएत्तो एकंदरीत पाचवा आला. जे केल्याबद्दल ब्रोकोला हाकलले, ते केल्याबद्दल व्हिएत्तोला लोकांनी डोक्यावर घेतले. मधे गेली होती अवघी तेवीस वर्षे.

व्हिएत्तोची फ्रेंचांनी पूजा केली, ती मला पुरती पटत नाही. चाक देणे हे त्या दिवशीचे त्याचे कर्तव्य होते. मला मोल वाटते ते त्याच्या रडण्याचे. तो हसत हसत देता तर त्याला त्याची किंमत कळली नाही असे मी म्हटले असते. त्याला ती कळत होती आणि तरी दुसऱ्या दिवशी तो मागे फिरला. ती फेरी त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही. १९४७ साली पिवळा सदरा कितीतरी दिवस त्याच्या अंगावर होता. तो गेला १३९ किलोमीटरच्या एका टप्प्यात, आणि त्या टप्प्याचा नियमच असा, की प्रत्येकाने एकट्याने जायचे, कोणी कोणाचा वारा अडवायचा नाही.

आता मुदखेडकडे येतो. आमचे गाव रेल्वेच्या जंक्शनचे आणि फुलांचे. आमच्याही मळ्यात गुलाब असे, झेंडू असे. थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, सातवीनंतर शाळा सोडून मळ्यात राबू लागला. मी नांदेडला कॉलेजात गेलो. वीस-बावीस किलोमीटरची वाट. दादा पहाटे सायकलच्या कॅरिअरवर फुलांच्या टोपल्या बांधून बाजाराला निघे आणि मी माझ्या सायकलवर त्याच्या मागे. हिवाळ्यात समोरून असा वारा येई की डोळ्यांतून पाणी निघे. दादा म्हणायचा, “माझ्या मागंच ऱ्हाय. वारं लागायचं नाही तुला.” ओझे त्याच्याकडे, वाराही त्याच्याच अंगावर, आणि मी मागे मनातल्या मनात पाठ केलेली उत्तरे घोळवीत जाई. फ्रेंच लोक ज्याला शास्त्र म्हणतात ते दादाला असे अंगानेच कळले होते.

मी नोकरीला लागलो, बदल्या झाल्या, निवृत्त होऊन गावी परत आलो. आठ एकर वडिलार्जित जमीन. वाटणीची गोष्ट निघाली. कायद्याने निम्मी माझी. माझी मुलेही म्हणाली, “बाबा, हक्काचे ते घ्या.” त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण माझ्या मनाने घेईना. मी तालुक्याच्या वकिलाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला आणि दादासमोर ठेवला. मला वाटले होते, तो नको नको म्हणेल आणि मग घेईल. त्याने चष्मा लावून सगळे वाचले. मग म्हणाला, “म्हंजे मी तुझी मजुरी केली व्हती का? आज ती चुकती करायलास?”

त्या दिवसापासून मला धंदेवाईक सायकलपटूंचा हेवा वाटतो. त्यांचा हिशेब स्वच्छ आहे. वारा अंगावर घेणाऱ्याला पगार असतो. म्होरक्याला मिळालेल्या बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची त्यांच्यात रीत आहे. म्हणून संध्याकाळी मुक्कामावर दोघे एका टेबलावर बसून जेवू शकतात. कोणी कोणाच्या उपकाराखाली नाही. घरात पगार नाही आणि म्हणून फेडही नाही. फेडायला जावे तर दिलेल्याची मजुरी होते; न फेडावे तर घेतलेल्याची चोरी होते. आपल्याकडे कितीतरी घरांत असा एक थोरला भाऊ असतो, नाहीतर शिवणयंत्रावर बसलेली बहीण असते. आपण त्यांना ‘त्यागमूर्ती’ म्हणतो आणि मोकळे होतो. हा शब्द मला आवडत नाही. मूर्तीला काही विचारावे लागत नाही. दादाला शाळा सोडताना कोणी विचारले होते का, हे मी एकदा त्याला विचारले. तो म्हणाला, “कोन इचारतंय! पन इचारलं असतं तरी सोडलीच असती.” या दोन वाक्यांपैकी कोणते खरे मानावे, याचा मी अजून विचार करतो. मला वाटते, दोन्ही खरी आहेत. आणि पहिले खरे आहे म्हणून दुसऱ्याचे मोल कमी होत नाही, पण आम्हां घरच्यांचे देणेही कमी होत नाही.

एकट्याने पराक्रम करणाऱ्यांचे उदाहरण कोणी देईल. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या शर्यतीत कोणाच्या आडोशाने जायला बंदीच आहे. वारा सगळा आपला. पण मागे मोटारीत त्यांची माणसे आळीपाळीने जागत होतीच. खाणे त्यांनी द्यायचे, रस्ता त्यांनी सांगायचा, डोळा लागला तर वेळेवर उठवायचेही त्यांनीच. एकटेपणालासुद्धा एवढी माणसे लागतात.

सातबाऱ्यावर आज आम्हां दोघांचीही नावे आहेत. मळा दादाचा मुलगा पाहतो. फुलांच्या पैशांतून वर्षाला एक रक्कम तो माझ्या हाती ठेवतो आणि मी ती त्याच्या मुलीच्या फीला देतो, हे दादाला माहीत आहे, पण तो तसे दाखवीत नाही. हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या कपाटात आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत तो हाती आला. दादा तेव्हा ओट्यावर बसून झेंडूच्या माळा ओवीत होता. मी कागद पुन्हा आत ठेवला आणि दुसरी सुई घेऊन त्याच्या शेजारी बसलो.