कधी चालतं, कधी नाही

एचओ मापाच्या, म्हणजे 16.5 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या खेळण्यातल्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. आधी चाकांत, मग चाकांच्या पाठीला घासणाऱ्या बारीक धातूच्या पट्ट्यांत, तिथून मोटारीत. असं इंजिन मधेच थबकलं आणि बोटानं ढकलताच निघालं, की 'लहरी आहे' म्हणून मोकळं होणं सोपं. न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, म्हणजे नैयायिक, उदयनाचार्य यांनी 'न्यायकुसुमांजली'त, गोष्टी विनाकारण घडतात असं मानणारा आकस्मिकवाद खोडताना नेमकं उलटं धरलं: जे कधी असतं आणि कधी नसतं, त्यालाच कारण लागतं, विनाकारण असतं तर ते सदाच असतं, नाहीतर कधीच नसतं. अधूनमधूनपणा हाच कारणाचा पुरावा! मला हे पटतं. थांबणं एकाच सांध्यावर होत असेल तर तिथून दुसरं इंजिन न्यावं. तेही अडलं तर रूळ दोषी. जागा बदलत राहिली तर चाकांवरचं काळं पुट किंवा केसभर सुटलेली पट्टी बघावी. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असलं की कार्य असतं आणि नसलं की नसतं ही पारख, तो हाच.

तत्त्वज्ञ ह्यूम म्हणेल, तुम्ही फक्त एकामागून एक घडताना पाहिलंत, बांधलेपण कुठं दिसलं? कबूल, पण कारण ओळखायचे नियम त्यानंही 1739च्या ग्रंथात दिलेच. अवघड आक्षेप निराळा आहे. पुट तेच, तरी सरळ रुळावर इंजिन धावतं; सांधे बदलताना मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर चारचाकी इंजिन मरतं. मग दोषी कोण? एकटं कुणीच नाही. नैयायिक म्हणूनच 'कारणसामग्री' म्हणतात: पुट, प्लास्टिक, आखूड चाकांतर, मंद वेग, सगळी एका क्षणी जमलेली.