झुंज, बदली आणि बळी

खेळाला नीतीचे प्रश्न विचारू नयेत, असा एक समज रूढ आहे. पटावर प्यादे मारले म्हणून कोणी हत्येचा दोष लावीत नाही, आणि हुकमाच्या दुरीने राजाला कापले म्हणून राजद्रोह घडत नाही. हा समज बव्हंशी योग्यच आहे. तथापि काही खेळ असे असतात, की त्यांचे डावपेच समजावून घेताना माणसाच्या एका फार जुन्या नैतिक पेचाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पोकेमॉन हा जपानी खेळ त्यांपैकी एक होय.

27 फेब्रुवारी 1996 रोजी हा खेळ जपानमध्ये प्रथम विक्रीस आला. त्याचा जनक सातोशी ताजिरी याला बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता; त्या छंदातून खेळाची कल्पना निघाली. खेळाडू रानावनांतून अद्भुत प्राणी पकडतो, त्यांना नावे देतो, वाढवतो आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवतो. बीच-तांबरम लोकलमध्ये मोबाइलवर मान घालून बसलेला एखादा कॉलेजकुमार यात गुंतलेला दिसला, की वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. तो तसा नाही.

पाण्याचा प्राणी अग्नीच्या प्राण्यास भारी, अग्नीचा वनस्पतीच्या प्राण्यास आणि वनस्पतीचा पाण्याच्या प्राण्यास. प्राण्यांचे व त्यांच्या प्रहारांचे असे 18 प्रकार आहेत. इतके लहान मूलही पाठ करते. खरी विद्या यापुढे सुरू होते. विश्वनाथन आनंद आणि 2024 साली जगज्जेता झालेला गुकेश यांच्या या चेन्नईत बुद्धिबळाची ओळख करून देण्याचे कारण नाही. बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल डोळ्यांनी पाहून मग आपली चाल करावयाची असते. येथे दोघेही आपली चाल एकाच वेळी, परस्परांस न कळू देता ठरवतात. समोरचा काय करील याचा अंदाज आपण बांधतो, आणि आपण तो बांधीत आहोत हे ध्यानात घेऊन समोरचा आपली चाल बदलतो.

या खेळातील सर्वांत महत्त्वाचा डाव प्रहाराचा नसून बदलीचा आहे. हा शब्द आपल्या वाचकांस निराळ्या संदर्भात पुरेसा परिचित आहे. मैदानातील प्राणी मागे घेऊन दुसरा पुढे आणला, की ती फेरी खर्ची पडते आणि शत्रूचा प्रहार नव्याने आलेल्यावर पडतो. म्हणून कोणता प्राणी कोणता घाव सोसू शकेल, हे आधी जोखावे लागते. याहून कठोर असा आणखी एक डाव आहे. प्राणी मूर्च्छित होऊन पडला, तर त्याच्या जागी येणारा प्राणी घाव न सोसता मैदानात उतरतो. तेव्हा निष्णात खेळाडू आपल्या घायाळ प्राण्याला जाणूनबुजून मैदानातच ठेवतो. त्याने पडावे आणि त्याच्या पडण्याने दुसऱ्याची वाट निर्धोक व्हावी, एवढेच त्याचे उरलेले काम असते.

हा डाव आपल्याला नवीन नाही. महाभारतातील द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या रात्री, श्रीकृष्णाने घटोत्कचाला कर्णावर पाठवले. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून मिळालेली अमोघ शक्ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, आणि ती एकदाच वापरता येणार होती. घटोत्कचाने कौरवसेनेचा असा संहार मांडला, की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागली. घटोत्कच पडला. पांडव शोकाकुल झाले. कृष्ण मात्र हर्षभरित झाला, कारण अर्जुन आता निर्भय झाला होता. गणित बिनचूक होते. तरीही शतकानुशतके वाचक त्या हर्षापाशी येऊन अडखळत आला आहे.

हे अडखळणे कशाचे? हिशेब चुकला म्हणून नव्हे. तो बरोबर होता म्हणूनच. घोडखिंडीत 1660 साली बाजीप्रभू देशपांडे पडले, तेव्हाही एकाच्या मरणाने दुसऱ्याची वाट निर्धोक झाली. पण तेथे आपण अडखळत नाही. आपण कशासाठी उभे आहोत, हे बाजीप्रभूंना ठाऊक होते. घटोत्कचही आपखुशीने लढला. मात्र आपला उपयोग नेमका कोणता, याची कल्पना त्याला होती असे कथेत दिसत नाही. स्वतःला खर्च करणे आणि दुसऱ्याकडून खर्च होणे, यांत परिणाम एक असला तरी नीती एक नाही.

यावर कोणी म्हणेल, की पडद्यावरचे प्राणी केवळ चित्रे आहेत. घटकाभराने ते पुन्हा ताजेतवाने होतात. हे खरे आहे, आणि खेळाडूला मी दोषही देत नाही. पण प्यादे आणि हा प्राणी यांत एक भेद आहे. प्याद्याला नाव नसते. याला खेळाडूने स्वतः नाव दिलेले असते. याच खेळात अनेक वर्षे दुसरी एक रीत होती. प्रत्येक प्राण्याचे सहा उपजत गुण 0 ते 31 या अंकांत मोजले जातात. उत्तम अंकांचे पिल्लू मिळेपर्यंत खेळाडू अंडी उबवीत राहत आणि बाकीची पिल्ले सोडून देत. 2016 पासून काही उणीव सरावाने भरून काढण्याची सोय झाली. प्रेमाने नाव देणारा हात आणि अंक पाहून सोडून देणारा हात एकच असू शकतो, एवढे यातून कळते.

तथापि डावपेच माणसाला केवळ निर्दय करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2014 साली वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धा कोरियाच्या से-जुन पार्कने जिंकली. त्याच्या संघात पाचिरिसू ही चिमुकली विद्युत्-खार होती. तिला सारे दुबळी समजत. अधिकृत सामन्यांत दोन-दोन प्राणी एकत्र लढतात. ही खार शत्रूचे प्रहार आपल्याकडे ओढून घेई. विजेचा प्रहार तर तिला बळच देई, आणि विजेला अत्यंत भिणारा तिचा बलाढ्य साथी ग्याराडोस सुरक्षित राही. येथेही तिला घाव सोसण्यासाठीच पाठवले होते. परंतु पाठवणाऱ्याने तिची शक्ती इतरांहून बारकाईने पाहिली होती.

खऱ्या प्राण्यांच्या झुंजींत मूर्च्छेनंतर ताजेतवाने होणे नसते. 1960 च्या कायद्याने प्राण्यांना झुंजीस चिथावणे हा गुन्हा ठरवला, तो योग्यच. पण चेन्नईच्या दक्षिणेस विळुप्पुरम जिल्ह्यात अरसलापुरम येथे एक शिळा आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही शिळा एका झुंजीच्या कोंबड्याच्या स्मरणार्थ उभारलेली असून तिच्यावर त्या कोंबड्याचे चित्र आणि त्याच्या गावाचा उल्लेख कोरला आहे. आपल्याकडे ज्याला वीरगळ म्हणतात, त्याला तमिळमध्ये नडुकल म्हणतात. ज्यांनी त्या कोंबड्याला झुंजीत उतरवले ते दयाळू नव्हते. परंतु आपल्यासाठी कोणी तरी पडले, हे ऋण त्यांनी दगडावर मान्य केले.

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर त्या शिळेच्या आसपास आहे. संसारात, सैन्यात आणि कचेरीत कोणाला तरी पुढे पाठवावेच लागते. तक्त्यात एक नाव खाली ओढले जाते, दुसरे वर सरकते, आणि कोणाचे तरी बिऱ्हाड हजार मैलांवर जाते. हा हिशेब टाळता येत नाही. मात्र ज्याला पाठवायचे त्याची शक्ती नीट पाहणे, शक्य असेल तेथे त्याला कारण सांगणे, आणि तो पडल्यावर त्याचे नाव न विसरणे, या तीन गोष्टी पाठवणाऱ्याच्या हाती राहतात. खेळात त्यांपैकी पहिलीच पुरते. खेळातून उठल्यावर उरलेल्या दोन आठवाव्या लागतात.