पुसलेली पावलं

तळेघरला आमच्या घराची जमीन मातीची. आई ती शेणानं सारवायची. आतल्या भिंतीपासून सुरू करून मागं मागं सरकत दाराशी यायची. स्वतःची पावलं स्वतःच झाकायची. वाळल्यावर मात्र त्याच जमिनीवर मांडी घालून जेवायची.

पुढं मंचर, राजगुरुनगर करत मी चाकणला आलो. एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली फरशी पुसायला लागलो. फरशी म्हंजे काँक्रीटवर ओतलेला इपॉक्सीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर. सांधा नाही, नुसती चमक. हे काम बिनडोक्याचं वाटतं त्यांनी ऐकावं. आधी कोरडा पोछा मारून बारीक कच काढायची, नाहीतर चाकाखाली येऊन ती थर खरवडते. तेल सांडलं की तिथल्या तिथं टिपायचं, नाहीतर माणूस घसरतो. साबण सौम्य हवा. ॲसिडनं चमक मरते. साबणाचं पाणी राहिलं तर त्याचाच पापुद्रा धरतो, म्हणून परत स्वच्छ पाण्यानं पुसायचं. चीर दिसली की सांगायचं, कारण तिच्यातून तेल-पाणी आत शिरलं की थर उचलतो. हे ज्ञानच आहे. पण याला ज्ञान म्हणतो कोण?

एकदा परदेशी पाहुणे यायचे होते. आम्ही रात्रभर जमीन घासली. सकाळी सुपरवायझर म्हणाला, "पाहुणे जाईपर्यंत मागं थांबा. पुढं दिसू नका." फरशी दाखवायची होती, पुसणारा नाही.

मित्रांनो, मला पेशवाई आठवली. पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधायला लावत, आपली पावलं आपणच पुसत जावीत म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. माझ्यात आणि त्याच्यात फरक आहे, नाही असं नाही. मी उद्या काम सोडू शकतो. पण सोडून खाऊ काय?

मग सवाल असा, की घाण काढणं हे कामच नीच आहे का? गांधीजींनी १९३६ सालीच 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी रंगवला. बाबासाहेबांनी तो गौरव नाकारला, कारण अशा गौरवानं ज्याचा झाडू त्याच्याच हातात राहतो. आपण म्हणतो, झाडू फेका, शिका. बरोबरच आहे. पण मी फेकलेला झाडू उद्या कुणीतरी उचलणार. कातकरी, मातंग, नाहीतर परप्रांतातलं एखादं पोरगं. जमीन तर रोज मळणार. मग माझी सुटका त्याच्या मानेवर पाय देऊन व्हायची का?

म्हणून मी म्हणतो, घाणीला हात लागणं नीच नाही. ते एकाच्याच कपाळी मारणं, आणि वर ते कामच नाही असं ठरवणं नीच आहे.

आता कायदा बघा. १९७६ साली केंद्र सरकारनं आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांत झाडलोटीला कंत्राटी मजूर लावायला बंदी केली. २००१ साली सुप्रीम कोर्टानं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ती अधिसूचनाच रद्द केली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली नवी कामगार संहिता मुख्य कामात कंत्राटी मजुरांना बंदी करते, तीही सवलती ठेवून. आणि झाडणं-पुसणं, कारखाना खुद्द त्यासाठीच काढलेला नसेल तर, मुख्य कामात धरतच नाही! कायद्यात जातीचं नाव नाही. पण आतलं काम आणि बाहेरचं काम ही वाटणी गावकुसाच्या ओळखीची वाटत नाही का?

एक पाळी तेलकट जमिनीवर चालवून दाखवा, मग सांगा मुख्य काम कुठलं ते.

तेव्हा दोस्तहो, संघटनेत मागणी मांडताना नुसती हजेरी वाढवून मागू नका. पुसणारा कायम झाला पाहिजे. ज्याच्या हातून सांडलं त्यानं टिपलं पाहिजे, मग तो इंजिनिअर का असेना. आणि पाहुणे येतील तेव्हा पुसणारा त्याच फरशीवर उभा दिसला पाहिजे, पायातल्या बुटांचे ठसे उमटवत.

जयभीम.