शाबूत वस्तू टाकताना

मोडलेली वस्तू टाकावी की दुरुस्त करावी, यावर आपल्या घराघरांतून पुष्कळ वाद होतात. परंतु न मोडलेली वस्तू टाकावी काय, हा प्रश्न अधिक अवघड असूनही त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट घरी बदलणाऱ्याला मात्र तो चुकवता येत नाही.

हा पट्टा म्हणजे आतून दाते असलेली रबराची मजबूत पट्टी. इंजिनातील खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांना तो एका तालात बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. १९६२ च्या सुमारास जर्मनीतील ग्लास कंपनीने मोठ्या संख्येने विकावयाच्या मोटारीत तो प्रथम घातला; आपल्या मध्यमवर्गाच्या दारात तो १९८३ नंतर मारुती ८०० बरोबर आला. त्याआधीच्या फियाट, अँबॅसडर साखळीवर चालत. साखळीचा एक गुण असा की, ती सैल पडली म्हणजे खडखडते. पट्टा कुरकुरत नाही. तो मुकाट्याने राबतो आणि एके दिवशी तुटतो. काही इंजिने तेवढ्याने नुसती बंद पडतात. काहींत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि सगळे इंजिन उघडावे लागते. म्हणून कंपनीचे पुस्तक बजावते की, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे झाली की पट्टा बदला. आकडा गाडीगणिक निराळा. पुष्कळ गाड्यांना ६० हजार ते १ लाख किलोमीटरांच्या दरम्यानचा.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त पोस्टमास्तर आपल्या जुन्या मारुतीचा पट्टा अंगणात बदलत असता मी जवळ उभा होतो. उतरवलेला पट्टा त्यांच्या पत्नीने हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"अहो, याला तर चीरसुद्धा नाही. मग टाकता कशाला?"

"पुस्तकात लिहिलंय म्हणून."

ज्या बाईने जन्मभर जुन्या पातळांच्या गोधड्या शिवल्या, तिचे या उत्तराने समाधान कसे व्हावे? माझेही झाले नाही. पुस्तकाला हजारो पट्टे ठाऊक आहेत; हा पट्टा ठाऊक नाही. याच्यात आणखी किती दम होता हे कळण्याचा एकच मार्ग, तो तुटेपर्यंत चालवणे. आणि तसे कळून उपयोग नाही. तेव्हा वेळेवर पट्टा बदलणाऱ्याला आपण योग्य केले याचा पुरावा कधीच मिळत नाही. मिस्त्रीने सांगितले असते तर त्याच्या खिशावर संशय घेता आला असता, आणि तो संशय दर वेळी खोटाच असतो असेही नाही. घरी ती सोय नाही.

मग ही अंधश्रद्धाच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. पुस्तकातला आकडा कोणाच्या स्वप्नात आलेला नाही. दुसऱ्यांच्या तुटलेल्या पट्ट्यांतून तो आला आहे. आणि एकट्याच्याच जिवाचा व पैशाचा प्रश्न असता तर काटकसर करायला मी कोणाला अडवले नसते. परंतु घाटात गाडी बंद पडेल तेव्हा मागच्या बाकावर कोण बसले असेल हे आज ठरलेले नाही. शिवाय जुनी गाडी विकली जाते. पट्टा झाकणाखाली असतो. घेणाऱ्याला तो दिसत नाही. आकडा उलटून गेल्यावर काही न बोलता गाडी विकणारा काटकसर करीत नसतो, आपली उधारी तो अनोळखी माणसाच्या नावावर चढवीत असतो. व्यवहारात याला हुशारी म्हणतात. मी म्हणणार नाही.

नवा पट्टा चढवून खुणेला खूण जुळवली, ताण दिला, तरी पोस्टमास्तरांनी किल्ली फिरवली नाही. पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खुणा पुन्हा पाहिल्या. हे काम कंटाळ्याचे, म्हणून पुष्कळ जण ते गाळतात. पण आत काही अडत असेल तर हात थांबतो; स्टार्टर थांबत नाही.

इंजिन सुरू झाले.

"आवाज तर पूर्वीसारखाच येतोय," बाई म्हणाल्या.

"तसाच यायला हवा," असे म्हणून त्यांनी हात पुसले आणि गाडीच्या वहीत तारीख व किलोमीटरचा आकडा लिहिला. जुना पट्टा बाईंनी टाकू दिला नाही.