बाजारांतील दुःख आणि तळघरांतील दुःख

जें दुःख खरें असतें तें मुकें असतें, आणि जें बोलकें होतें तें त्या प्रमाणांत खोटें होत जातें, अशी एक समजूत सुशिक्षित समाजांत फार खोल रुजलेली आहे. घरांत कोणी वारलें असतां जो कोपऱ्यांत गप्प बसतो त्याच्या शोकाविषयीं आपण शंका घेत नाहीं. जो मोठ्यानें आक्रोश करतो त्याच्याकडे मात्र जरा तिरप्या नजरेनें पाहतों. त्यानें तोच आक्रोश तालासुरांत बसवून, तिकीट लावून, दहा गांवीं केला तर मग विचारावयासच नको. ही समजूत कितपत न्याय्य आहे हें पाहण्यासाठीं काव्यनाटकांतील नेहमींचीं उदाहरणें बाजूस ठेवून पाश्चात्य तरुणांच्या संगीतांतील एक उदाहरण आम्ही येथें घेत आहों. ‘इमो’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा उदय, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन हें तें उदाहरण होय. ज्यांच्या घरीं २००५ च्या सुमारास कॉलेजांत जाणारीं मुलें होतीं त्यांच्या कानांवर हें नांव गेलें असेल. एका डोळ्यावर ओढलेले काळेभोर केस, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेली तुमान आणि मुद्रेवर उदासी, एवढ्यावरूनच बहुतेकांनीं त्याची पारख केली व पुढें चौकशी केली नाहीं.

या संगीताचा जन्म अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन येथें, १९८५ च्या सुमारास झाला. ‘हार्डकोर पंक’ नांवाचें अतिशय द्रुत, कर्कश व संतप्त संगीत त्या वेळीं तेथील तरुणांत रूढ होतें. राग हाच त्याचा जवळजवळ एकमेव स्थायीभाव. पुढें पुढें त्याच्या मैफलींत गाण्यापेक्षां मारामारीच अधिक होऊं लागली, आणि ज्यांनीं तो संप्रदाय उभा केला होता त्यांच्यापैकींच कांहीं जणांना त्याचा वीट आला. १९८४ मध्यें निघालेल्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडचा गायक गाय पिचिओटो यानें वेग तोच ठेवला, गोंगाटहि तोच ठेवला. मात्र रागाच्या जागीं विरह, पश्चात्ताप आणि हरपलेल्या दिवसांची हुरहूर आणून बसविली. गातां गातां त्याचा आवाज फाटे, आणि तो फाटलेला आवाज तो लपवीत नसे. पुरुषानें, त्यांतून पंक म्हणविणाऱ्या पुरुषानें, चारचौघांत असें हळवें व्हावें ही गोष्टच तेथें नवी होती. ‘इमोशनल हार्डकोर’ या शब्दांचा संक्षेप होऊन प्रथम ‘इमोकोर’ व मग ‘इमो’ हें नांव पडलें. परंतु तें कौतुकाचें नव्हे, हिणविण्याचें. इयन मॅकाय याच्या ‘एंब्रेस’ या बँडला तें चिकटविण्यांत आलें तेव्हां त्यानें भर रंगमंचावरून त्या शब्दाची टर उडविली. तेव्हांपासून या संप्रदायांतील बहुतेक प्रमुख मंडळींनीं आपण इमो असल्याचें नाकारलेंच आहे. रडक्या मुलाला रडका म्हटलें कीं तें एक तर अधिक रडतें किंवा एकदम थांबतें. या लोकांनीं तिसराच मार्ग काढला. रडणें चालू ठेवलें आणि ‘आम्ही रडत नाहीं’ असेंहि म्हणत राहिले.

पुढील दहा-पंधरा वर्षें हें संगीत लहान वर्तुळांत वाढलें. सिअ‍ॅटलच्या ‘सनी डे रिअल इस्टेट’ बँडची ‘डायरी’ ही ध्वनिमुद्रिका १९९४ ची. शिकागोकडील ‘कॅप्न जॅझ’, मिलवॉकीचा ‘प्रॉमिस रिंग’, इलिनॉय राज्यांतील अर्बाना येथील ‘अमेरिकन फुटबॉल’ हीं त्या काळचीं आणखी कांहीं नांवें. येथें आवाज जरा निवळला. गिटारच्या तारा नेहमींपेक्षां निराळ्या स्वरांत लावून एकेक स्वर सुटा छेडण्याची एक नाजुक पद्धति आली. ‘अमेरिकन फुटबॉल’ची पहिली ध्वनिमुद्रिका १९९९ मध्यें निघाली आणि थोड्याच दिवसांत शिक्षण आटोपून मंडळी पांगली. त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाहीं, व त्याबद्दल त्यांची तक्रारहि नव्हती.

मग बाजार आला. ‘जिमी ईट वर्ल्ड’ या बँडला एका मोठ्या कंपनीनें काढून टाकलें होतें; त्यांनीं पदरच्या पैशानें मुद्रण केलेली ‘ब्लीड अमेरिकन’ ही ध्वनिमुद्रिका २००१ मध्यें बाहेर पडली आणि धो धो खपली. २००४ ते २००६ या दोन-तीन वर्षांत ‘माय केमिकल रोमान्स’ आणि ‘फॉल आउट बॉय’ यांनीं तर घराघरांत प्रवेश केला. ‘द ब्लॅक पॅरेड’ ही २००६ ची ध्वनिमुद्रिका कर्करोगानें मरणोन्मुख झालेल्या एका माणसाची कथा सांगते. असला विषय लक्षावधि किशोरांनीं आनंदानें विकत घ्यावा हें खरोखर नवल होय. पाठोपाठ मोठमोठ्या बाजारसंकुलांतून काळे सदरे, पट्टे आणि काजळ यांचीं दुकानें थाटलीं गेलीं. दुःखाला गणवेश मिळाला. आणि एकदां गणवेश मिळाला कीं तो अंगावर चढविणाराच्या मनांत काय आहे हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

याच सुमारास या संगीतावर दोन आरोप एकदम होऊं लागले. एक असा कीं, हें सर्व सोंग आहे. सुखवस्तु घरांतील पोरांना दुःख कसलें? दुसरा असा कीं, हें संगीत मुलांना आत्मघातास प्रवृत्त करतें. हे दोन्ही आरोप पुष्कळदां एकाच तोंडून निघत, आणि ते एकमेकांस छेदतात हें बोलणाराच्या ध्यानीं येत नसे. जें निव्वळ सोंग आहे तें प्राण कसा घेईल, आणि ज्यानें प्राण जाऊं शकतो त्याला निव्वळ सोंग कसें म्हणावें? इंग्लंडांत एका खपाऊ वृत्तपत्रानें दुसऱ्या आरोपाची राळ उडविली तेव्हां मे २००८ मध्यें शेंकडों नव्हे तरी पुष्कळ मुलेंमुली लंडनमध्यें त्याच्या कचेरीसमोर जमलीं व या गाण्यांनीं आम्हांस जगण्याचा धीर दिला असें सांगूं लागलीं. रशियांत त्याच वर्षीं शाळांतून हा वेष बंद करण्याच्या कायद्याची चर्चा निघाली. मेक्सिकोंतील केरेतारो शहरीं मार्च २००८ मध्यें जमावानें भर चौकांत अशा पोरांना गांठून मारलें. आणि २०१२ मध्यें इराकांत तर कळस झाला. तेथील गृहखात्यानें ‘इमो’ म्हणजे सैतानाची पूजा असें जाहीर केलें, आणि त्यानंतर बगदादमध्यें लांब केसांच्या व तंग कपड्यांच्या तरुणांचे निर्घृण खून झाल्याच्या वार्ता जगभर गेल्या. त्या तरुणांपैकीं कितीजणांनीं वॉशिंग्टन किंवा इलिनॉय येथील एखादें तरी गाणें ऐकलें असेल? वेष हाच पुरावा, आणि शिक्षा ही अशी. ज्यांना सोंग म्हणून हंसण्यावारी नेलें त्यांनाच दगडांनीं ठेंचलें जातें, तेव्हां सोंग आणि सत्य यांचा निवाडा घाईनें करणाराच्या पदरीं किती मोठी जबाबदारी येते हें दिसून येतें.

आमच्या साहित्यशास्त्रानें हा प्रश्न फार पूर्वींच सोडविला आहे असें कोणी म्हणेल. अभिनवगुप्ताच्या मतें रंगभूमीवरील शोक हा केवळ रामाचा नसतो, नटाचा नसतो आणि प्रेक्षकाचाहि नसतो. त्याचें साधारणीकरण होतें, देश-काल-व्यक्तींचीं बंधनें गळून पडतात, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. इमो संगीताची प्रतिज्ञा याच्या नेमकी उलट आहे. तें म्हणतें, हें दुःख माझेंच. हीच ती मुलगी, हाच तो रस्ता, हीच ती सुट्टी. बंधनें गाळणें राहो, तें एकेक बंधन नांवनिशीवार मोजून दाखवितें. आणि तरीहि ‘डॅशबोर्ड कन्फेशनल’चा गायक क्रिस कराबा यानें २००२ मध्यें एम्टीव्हीसाठीं केलेल्या मैफलीचें मुद्रण ऐकावें. त्याच्या अगदीं खाजगी म्हणविलेल्या दुःखाची ओळन्‌ओळ श्रोते त्याच्याबरोबर मोठमोठ्यानें गात आहेत. ती मुलगी त्यांनीं पाहिलेली नाहीं. म्हणजे साधारणीकरण झालेंच. फक्त तें गायकानें केलें नाहीं, श्रोत्यांनीं केलें.

न. चिं. केळकरांनीं ‘सविकल्प समाधि’ असें नांव देऊन जी अवस्था वर्णिली, तींत वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं समरस होतो, पण आपलें निराळेपण विसरत नाहीं. काजळ घालून आरशासमोर उभा राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा याच अवस्थेंत असतो असें आम्हांस वाटतें. तो अर्धा खेळत असतो आणि अर्धा खरोखरच दुःखी असतो. यांतील सीमारेषा त्याला स्वतःलाहि दाखवितां येणार नाहीं. त्याला ‘सोंगाड्या’ म्हणणें म्हणजे सर्व रसिकतेलाच सोंग म्हणणें होय. तेव्हां बाजारामुळें दुःख खोटें झालें, हा आरोप आम्ही मान्य करीत नाहीं. दुकानांतून विकत घेतलेल्या मुद्रिकेनें आलेले अश्रु तळघरांतल्या अश्रूंहून कमी खारट नसतात.

या संगीताचें खरें वैगुण्य दुसरेंच होतें, आणि तें एका स्त्रीनें दाखवून दिलें. जेसिका हॉपर या लेखिकेनें २००३ मध्यें ‘पंक प्लॅनेट’ नामक नियतकालिकांत एक निबंध लिहून विचारलें कीं, या गाण्यांत मुली कोठें आहेत? गाणारे सर्व पुरुष. मुलगी येते ती सोडून जाणारी, फसविणारी, हृदय मोडणारी म्हणून. तिला नांव नाहीं, तोंड नाहीं. गायक फिर्यादी, गायकच साक्षीदार, आणि निकालहि त्याचाच. हा आक्षेप आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो खरेपणावर नाहींच. तो म्हणतो, तुमचें दुःख खरें आहे असें मानलें, तरी तें न्याय्य आहे काय? आपल्या जखमेकडे एकटक पाहणाऱ्यास आपल्या हातून झालेली जखम दिसत नाहीं. उलट आपण इतके हळवे आहों, त्या अर्थीं आपण निर्दोष असलोंच पाहिजे, असा त्याचा समज होत जातो. पुढें २०१७ च्या सुमारास या संप्रदायांतील कांहीं गायकांवर तरुण चाहत्या मुलींशीं गैरवर्तन केल्याचे आरोप झाले, तेव्हां हॉपर यांचा तो निबंध पुष्कळांना आठवला. प्रामाणिकपणा हा सद्गुणांचा राजा आहे असें रोमँटिक काव्यानें आपल्याला शिकविलें; तो दुर्गुणांचाहि उत्तम वकील होऊं शकतो हें शिकविण्याचें मात्र राहून गेलें.

बाजाराचा ओघ २००८ नंतर ओसरला. दुकानांनीं नवा माल मांडला. ‘माय केमिकल रोमान्स’ २०१३ मध्यें विसर्जित झाला. परंतु त्याच्या आधींच फिलाडेल्फियाच्या परिसरांत, मिशिगनमध्यें, कनेक्टिकटमध्यें घरांच्या तळघरांतून तें जुनें, बाजारपूर्व इमो पुन्हा ऐकूं येऊं लागलें होतें. ‘भूमिगत’ हा शब्द येथें अगदीं अक्षरशः घ्यावयाचा. भाड्याच्या घराचें तळघर, डोक्याला लागतील अशा नळ्या, रंगमंच नाहीं, गायक आणि श्रोता यांच्यामध्यें हातभर अंतर. ‘अल्जर्नन कॅडवॉलडर’ या बँडची २००८ ची ध्वनिमुद्रिका, लांबलचक नांवाच्या ‘द वर्ल्ड इज अ ब्यूटिफुल प्लेस अँड आय अॅम नो लाँगर अफ्रेड टु डाय’ या मंडळीची २०१३ ची, आणि ‘हॉटेलिअर’ची २०१४ ची, हीं या पुनरुज्जीवनाचीं ठळक फळें. ‘मॉडर्न बेसबॉल’ हा बँड लोकप्रिय होऊं लागला असतांनाच २०१७ मध्यें आपल्या मनःस्वास्थ्यासाठीं थांबला. दुःख गाणाऱ्यानें दुःखाची खरोखर काळजी घेतल्याचें हें एक विरळा उदाहरण म्हणावें लागेल. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें २०१५ मध्यें निघालेल्या ‘कँप कोप’ या तीन स्त्रियांच्या बँडनें तर हॉपर यांच्या प्रश्नाला गाण्यानेंच उत्तर दिलें; जी आजवर गाण्याचा विषय होती तिनें ध्वनिक्षेपक हातीं घेतला, आणि मैफली भरविणाऱ्या पुरुषांची हजेरी घेतली.

तळघर हें बाजारापेक्षां श्रेष्ठ कां, याचें उत्तर मात्र तेथील भक्त देतात त्याहून आम्ही निराळें देऊं. ते म्हणतात, येथें शुद्धता आहे. शुद्धतेचा हा अभिमान आम्हांस फारसा रुचत नाहीं. दूरदर्शनवर ऐकून आलेल्या मुलीला तुच्छ लेखणारा जो सोवळेपणा तळघरांत असतो तो कोणत्याहि सोवळ्याइतकाच कठोर आहे. तळघराचा खरा लाभ एवढाच कीं तेथें समोरच्याला उत्तर द्यावें लागतें. ज्या मुलीविषयीं गाणें रचलें ती, किंवा तिची मैत्रीण, हातभर अंतरावर उभी असण्याचा संभव असतो. गाणें संपल्यावर गायकाला स्वतःचें सामान उचलून तिच्याच शेजारून बाहेर जावें लागतें. मॅकाय व पिचिओटो पुढें ‘फुगाझी’ या बँडमध्यें एकत्र आले आणि त्यांनीं वर्षानुवर्षें तिकीट पांच डॉलरांच्या आसपासच ठेवलें, प्रेक्षकांत कोणी दांडगाई केली तर गाणें थांबवून त्याला समज दिली. भावनेला शेजार असला म्हणजे तिला मर्यादा सुचतात. दहा हजारांच्या सभागृहांत शेजार राहात नाहीं, केवळ गर्दी राहते.

बाजार पुन्हा परतलाच. ऑक्टोबर २०२२ मध्यें लास व्हेगास येथें जुन्या इमो मंडळींचा प्रचंड मेळा भरविण्यांत आला. पहिला दिवस सोसाट्याच्या वाऱ्यामुळें रद्द करावा लागला, तरी बाकीचे पार पडले. आतां चाळिशीकडे झुकलेले ते श्रोते आपल्या तारुण्यांतील उदासी पुन्हा ऐकावयास मोठाल्या रकमा मोजून आले होते. त्यांना हंसावेंसें आम्हांस वाटत नाहीं. ‘अमेरिकन फुटबॉल’ हि २०१४ मध्यें पुन्हा एकत्र आला. त्यांच्या १९९९ च्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर अर्बानांतील एका साध्या, पांढऱ्या घराचें छायाचित्र आहे. तें घर पाडलें जाण्याची भीति निर्माण झाली तेव्हां २०२३ मध्यें त्या बँडनें, त्यांची मुद्रिका काढणाऱ्या पॉलिव्हिनिल कंपनीनें व आणखी कांहीं जणांनीं मिळून तें विकत घेतलें. याला भाविकांनीं देऊळ राखलें म्हणावें, कीं व्यापाऱ्यांनीं दुकानाची पाटी राखली म्हणावें, याचा वाद घालणारे घालोत. दूरदूरचे लोक तेथें येतात, समोरच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहतात, एक छायाचित्र काढतात आणि आपल्या वाटेनें जातात.