परतवारी



पंढरीच्या वाटेला लागलेला माणूस एकटा कधी नसतो. पुढे पताका, मागे वीणा, दोहो अंगांना टाळ. पाय सुजले तर दिंडीतलाच कोणी तेल चोळून देतो, भूक लागायच्या आधी गावोगावचे अन्नदाते पंगत मांडून उभे असतात. दिवेघाट आपण कुठे चढतो? दिंडी आपल्याला चढवते! पण आषाढी होते, गोपाळपूरचा काला होतो, आणि लाखांचा मेळा पांगतो. पालखीबरोबर परत चालणारे थोडे. माणसे कमी, मजला मोठ्या, वाटेवरचे स्वागतही बेताचे. ज्याने परतवारी केली आहे त्याला विचारा, जाण्यापेक्षा परतणे अवघड.

दारू सोडणाऱ्याचे असेच आहे. सोडली त्या दिवशी गळ्यात माळ पडते, घरात पुरण शिजते, पोरे बापाच्या मांडीवर बसतात. पुढे महिना-दोन महिने जातात, कौतुक ओसरते, जो तो आपल्या कामाला लागतो. त्याची परतवारी खरी तेव्हा सुरू होते. आणि त्या वेळी आपण कुठे असतो, सज्जनहो?

पंचांगच पाहा ना. आषाढी एकादशीनंतर तीन आठवडे व्हायच्या आत आषाढाची अमावस्या येते. ती दिव्यांची अवस. घरातले दिवे घासूनपुसून पुजायचे. पण लोकांनी तिची 'गटारी' करून टाकली. जुने सोबती दारात येतात, "उद्यापासून श्रावण आहेच की, आज एवढी घे!" म्हणतात. माणूस पडला की आपण म्हणतो, "ह्याची भक्तीच कच्ची." हे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. वाटेतले खड्डे त्याला कोणी दाखवले नव्हते, म्हणून तो पडला.

हे खड्डे मुख्यतः चार. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. व्यसन सोडलेल्यांनी आपल्या अनुभवातून काढलेली ही खूण आहे. पोट रिकामे असले की जीव दारूकडे ओढतो. म्हणून नव्याने सोडलेल्याने निर्जळी एकादशीचा हट्ट धरू नये. फराळ करावा, पाणी प्यावे, देव रागावत नाही. भावकीत बांधावरून भांडण झाले तर त्या संध्याकाळी एकट्याने बाहेर पडू नये. बाजाराच्या दिवशी गुत्त्यावरून जाणारी वाट सोडून लांबची वाट धरावी. हातात पैसे येतात त्या दिवशी कारभारणीला नाहीतर भावाला बरोबर घ्यावे. आणि रात्री पुरती झोप घ्यावी. जन्मभराची शपथ डोक्यावर घेऊन चालू नये. आळंदीहून निघालेल्याला आजच पंढरपूर गाठ असे कोणी म्हणत नाही. त्याने पुढचा मुक्काम तेवढा गाठायचा. आजचा दिवस कोरडा गेला, मुक्काम आला.

आयाबायांना एक कळकळीचे सांगणे. दारू सोडवायची गोळी भाजीत, चहात गुपचूप घालू नका. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना माणूस प्याला तर ओकाऱ्या, धडधड होते, रक्तदाब कोसळून जिवावरही बेतते. ते डॉक्टरांनी द्यावे आणि घेणाऱ्याने जाणून घ्यावे. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. नामाने मनाला बळ येते, औषधाने देहाला. दोन्ही त्याचेच देणे.

एवढे करूनही कोणी घसरला तर? तर तो काय करतो ते आपण पाहतो. माळ खुंटीला टांगतो आणि देवळाची पायरी चुकवतो. मनात म्हणतो, "आता मोडलीच आहे, मग एक काय नि दहा काय!" माउली, एका पेल्याने जेवढा घात होत नाही तेवढा या एका वाक्याने होतो. पेला एका रात्रीचा असतो, लाज महिनाभर पाजत राहते. माळ तुटली तर आपण मणी गटारात टाकतो का? वाकून एकेक वेचतो आणि त्याच दिवशी ओवून घेतो.

दूरदेशीची एक खरी गोष्ट सांगतो. १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ हॉटेलात एकटा उभा होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. हाती घेतलेला व्यवहार बुडालेला, गाव परके, आणि समोर मद्याच्या दालनातला हसण्याखिदळण्याचा आवाज. तो आत गेला नाही. त्याने गावातल्या धर्मोपदेशकांना फोन लावले, आपल्यासारखाच कोणी पिणारा भेटवा म्हणून. अशाने डॉक्टर बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉक्टरांनी सोडली, पण थोड्याच दिवसांत परगावी परिषदेला गेले नि पुन्हा प्याले. घरी आले, लपले नाहीत, पुन्हा उठले. १९५० साली देह ठेवीपर्यंत मग शिवले नाहीत. या दोघांपासून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' हा मेळा उभा राहिला. त्याच्या सभा आज आपल्या महाराष्ट्रातही भरतात. तो मेळा आपला जन्मदिवस १० जून १९३५ मानतो. तो दिवस कोणता? डॉक्टर पडून उठले तो!

आता आपले काम. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात, सारा तळ चिडीचूप होतो, आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. "का हरवलीस?" असे तिथे कोणी विचारत नाही, ज्याची त्याच्या हाती दिली जाते. आपल्या गावच्या हरिपाठातही रोज पाहावे, आज कोण आला नाही. त्याच संध्याकाळी दोघांनी त्याच्या दारी जावे. उपदेश करू नये. "चल, टाळ घे," एवढेच म्हणावे.

रामकृष्णहरि!